मशीनवरचा नवा दिवा

अहो,

मी कामावर निघाले. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय. गोळी जेवल्यावरच घ्या.

तुमच्या शिलाई मशीनवरचा दिवा बदललाय. पांढऱ्या उजेडात अजून दवाखान्यातच असल्यासारखं वाटतं, म्हणून तुम्ही तो बंद करून अंधारात बसता, हे मला दिसत होतं. पण साधा पिवळसर एलईडी बल्ब मिळेल तर शपथ! पहिला इतका गलेलठ्ठ, की शेडमध्ये शिरेना. दुसरा आट्यांचा निघाला, आपला होल्डर पिनांचा. तिसऱ्याखाली तर मीच कावीळ झाल्यासारखी दिसायला लागले.

काल परत गेले. दुकानदार म्हणाला, "वहिनी, सगळे पांढराच नेतात. तुम्हालाच काय वेगळा हवा?" म्हटलं, "आमचे हे आजारातून उठलेत. त्यांना घरी आल्यासारखं वाटायला हवं." मग त्याने आतून खोकं आणलं. तो एकेक बल्ब लावत गेला, मी खाली हात धरून बघत गेले. एकाखाली माझा हात माझ्या हातासारखा दिसला. तोच आणला.

सकाळी तुम्ही झोपेत असताना लावून पाहिला. तुम्ही कूस बदललीत, उजेड थेट तोंडावर आला, तरी नेहमीसारखा डोळ्यांवर हात घेतला नाहीत.

शेजारच्या काकूंनी काकांचा सदरा दिलाय, मशीनवर ठेवलाय. नुसती कॉलर उसवलीय. काकू म्हणाल्या, काही घाई नाही.

मला आहे, थोडीशी.