घट्ट बोल्ट

नाना, तुमच्या पवनचक्कीची गोष्ट मी आजवर कितीतरी सभांमध्ये सांगितली आहे. दोंडाईच्यात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची तार नव्याने भरून देणारा माझा बाप. त्याने पाण्याच्या प्लास्टिक पाइपातून तीन पाती कापली, तांब्याची वेटोळी हाताने गुंडाळली, भंगारातल्या चुंबकांवर चाक बसवलं आणि मळ्यातल्या स्वयंपाकघरात वाऱ्यावर दिवा लावला. इथपर्यंत मी खरं बोलतो. आई भाकरी थापताना त्या दिव्याकडे बघून म्हणायची, "वारा ऊना तं उजेड, नही तं चुल्हा शेच." तुम्ही हसायचात, तेही मी सांगतो.

त्या चाकाचा लगाम होता तीन तारांत. त्या सुट्या असल्या की वीज बॅटरीत जायची. एकत्र पिळल्या की चाक जड व्हायचं, कितीही वारा आला तरी कण्हत कण्हत फिरायचं. मळ्यातून निघताना तुम्ही कडीला कुलूप लावण्याआधी त्या तारा पिळायचात.

त्या वैशाखात मी जळगावहून बसभर माणसं आणली. गावाने स्वतःची वीज स्वतः करावी, हे मी तेव्हाही आवेशाने मांडायचो, आजही मांडतो, आणि त्यातला शब्दही मला मागे घ्यायचा नाही. पण त्या दिवशी सकाळपासून आभाळ धुळीने पिवळं झालेलं. तुम्ही तारा पिळून ठेवल्या होत्या. मला बाजूला घेऊन म्हणालात, "भाऊ, आज वारा येडा शे. तारा सोडजो नको."

"नाना, इतक्या लांबून लोक आलेत. थांबलेलं चाक दाखवू त्यांना?"

"थांबेल चाकबी चाकच शे," म्हणालात आणि चहा आणायला आत गेलात.

मी तारा सोडल्या. चाक सुटलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी बोलू लागलो. चाकाचा आवाज बदलत चालला होता, पण मी माझाच आवाज ऐकत होतो. मग एक पातं तुटून घराच्या पत्र्यावर आदळलं आणि उरलेल्या दोन पात्यांनी सगळा सांगाडा हलवून आडवा केला. कुणाला लागलं नाही. धूळ बसली तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "बोल्ट ढिला राहिला असेल. नानांचं वय झालं आता."

तुम्ही चहाचं ताट घेऊन दारात उभे आहात. तुमची नजर त्या सुट्या तारांवर जाते, मग माझ्यावर येते. तुम्ही ताट खाली ठेवता आणि चूक स्वतःवर घेत त्या परक्या माणसांना सांगता, "हां, बोल्ट ढिला ऱ्हाई गया व्हता. मनीच चूक शे."

मोटारीचा एक बोल्ट तुम्ही तीनदा तपासायचात, हे सगळं दोंडाईचा जाणत होतं. तुम्ही परत चाक उभं केलं नाही. मीही कधी म्हटलं नाही, की चला, दोघं मिळून करू. आई त्यानंतर कंदिलाच्या उजेडात भाकरी थापायची आणि तिने मला कधीच काही विचारलं नाही. तुम्ही गेल्यावर मळ्यात त्या तुटलेल्या पात्याचं चाकाकडचं टोक सापडलं, लोखंडी पट्टीसकट. बोल्टांच्या पुढे चार बोटांवर मोडलेलं. दोन्ही बोल्ट जागच्या जागी, आजही पान्याशिवाय हलत नाहीत.

परवा पाचोऱ्याच्या एका शाळेत मुलींनी तशीच पवनचक्की केली, म्हणून मला बोलावलं होतं. मी ढिल्या बोल्टाचीच गोष्ट सांगितली. अपयशातून शिका, असा तिचा शेवट करतो मी. एक मुलगी उठली. "सर, बोल्ट ढिला असता तर पातं आधीच खडखडलं असतं ना? तुमच्या वडिलांना कळलं नाही?"

पात्याचं ते टोक त्या दिवशी माझ्या पिशवीत होतं, नाना. खरं सांगायचं ठरवूनच नेलं होतं. मी तिला म्हणालो, "वय झालं होतं त्यांचं." आणि पिशवी पायाने खुर्चीखाली सरकवली.