खडकाच्या पोटातला दाब

सौंदड, १२ नोव्हेंबर २००९

लेक मीना सुट्टीला आली, तेही तेल कंपनीचं काम घेऊनच. समुद्रातून आवाज खाली सोडतात म्हणे, आणि खडकावरून परत आला की तो किती भराभर गेला ते पाहून, आत कोंडलेल्या पाण्याचा दाब सांगतात. भोक पाडायच्या आधीच! माणसाला हे सुचलं तरी कसं?

तिने चुनखडीचा तुकडा हातात दिला. इवली छिद्रं, पण केवढा टणक.

"माय, मातीच्या खडकात दाब वाढला का आवाज मंदावते. हा कडक, लवकर सांगतच नाही. लय बारीक फरक."

"अन् तू चुकली त?"

"त भोक पाडताच कोंडलेलं पाणी उसळून येते, अन् वर उभी असलेली माणसं जातीन."

मी तुकडा घट्ट धरला. आमचे हे विहीर खोदताना दरडीखाली गेले. आधी कोणालाच काही दिसलं नव्हतं.

दिवेलागणीला आकडे पुन्हा तपासून तिने कंपनीत फोन केला. "फरक थोडा आहे, पण आहे. खोदाई थांबवा." पलीकडचा साहेब खर्चावरून ओरडला. ती तेच म्हणत राहिली. शेवटी त्याने ऐकलं.

तिकडे खोदाईवर असलेल्या माणसांच्या बायकांना यातलं काही कळणार नाही. नवऱ्यावर चिडत, भांडत निवांत जेवतील. जेवोत.