ह्यांचा विभाग उघडत नाही

सोमवार, ४ मार्च

घटनाक्रम असा.

एक — शनिवारी सकाळी मी, संगणक सुरू होताना ज्या वाचतो त्या, मांडणीच्या फायली तपासल्या. दोन फायलींत एक अनावश्यक शब्द आढळला, तो काढला. शब्दकोशाच्या संपादिकेला असे शब्द दिसतात, इतरांना दिसत नाहीत.

दोन — दुपारी ह्यांनी साखरेच्या बरणीत पुन्हा ओला चमचा घातला. मी पुन्हा बोलले. हे पिशवी भरून बहिणीकडे गेले.

तीन — आज संगणक सुरू केला. डिस्कचे तीन विभाग, तिन्ही कुलूपबंद: यंत्रणेचा, माझा, ह्यांचा. पहिले दोन माझ्या पासवर्डांनी उघडले. तिसऱ्याने ह्यांचा पासवर्ड मागितला, दीड मिनिट वाट पाहिली आणि काळ्या पडद्यावर आणीबाणी जाहीर केली. पुढे काही नाही.

निष्कर्ष: जाण्यापूर्वी ह्यांनी काहीतरी करून ठेवले आहे.

कोशाचा शेवटचा खंड माझ्या विभागात आहे. शुक्रवारी छापखान्यात द्यायचा आहे. सुरक्षिततेसाठी दुसरी प्रत ठेवली होती — ह्यांच्या विभागात.

मंगळवार, ५ मार्च

लग्नाची तारीख घालून पाहिली. नाही. माझे नाव घालून पाहिले. तेही नाही. नोंद करून ठेवते.

बुधवार, ६ मार्च

नणंदेला फोन केला. केवळ तांत्रिक कारणासाठी.

"वहिनी, दादा इथेच बसलाय. म्हणतो, पासवर्ड देतो, पण आधी तिने 'माझं चुकलं' म्हणावं."

"त्यांना सांग, चूक कोणाची हे अद्याप सिद्ध व्हायचं आहे."

मागून ह्यांचा आवाज — "बघ, म्हटलं नव्हतं?" मग नणंद दबक्या स्वरात: "वहिनी, घेऊन जा गं ह्याला. चार दिवसांत माझ्या साखरेची ढेकळं झालीत."

गुरुवार, ७ मार्च

संगणक दुरुस्त करणाऱ्या बाई आल्या. पाच मिनिटे पडद्याकडे पाहत बसल्या.

"मॅडम, इथे 'नोफेल' असायला हवं. म्हणजे हा विभाग उघडला नाही तरी अडून बसू नकोस, पुढे जा. कोणीतरी पुसलंय."

"कोणीतरी म्हणजे?"

"ते फाईल सांगत नाही. पण शनिवारी, सकाळी दहा वीसला."

मी त्यांना चहा विचारला.

मला तो शब्द शैथिल्याचा परवाना वाटला होता. एखादा हजर नसला तरी चालेल, असे काय लिहून ठेवायचे असते?

बाईंनी तो दोन्ही फायलींत परत घातला. संगणक सुरू झाला. खंड सुखरूप.

शुक्रवार, ८ मार्च

खंड छापखान्यात पोहोचला. एकही मुद्रणदोष नाही.

शनिवार, ९ मार्च

सकाळी संगणक लावला. ह्यांचा विभाग वगळून सरळ पुढे गेला. जरासुद्धा थांबला नाही. मी तो शब्द दोन्ही फायलींतून पुन्हा काढून टाकला.

मग नणंदेच्या पत्त्यावर ह्यांना पत्र टाकले: "माझे चुकले. परत कधी येणार? फोनवर तुम्ही बहिणीमार्फत बोलता. उत्तर लेखी द्यावे."