वगळायचं राहिलेलं फोल्डर

शनिवार, ८ मार्च २०२५

वाट लावली मी. बाबांच्या चार वर्षांच्या नोंदी गेल्या — माझ्या एका ओळीने!

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल.

सकाळी पोहे खाताना बाबा म्हणाले, "शीतल, गाण्यांत माझ्या आईचं नाव घालायचं. सगळ्यांत. आजच." गाणी म्हणजे आजोबांच्या गायन पार्टीची. दोनशे चौदा. आजोबा गावोगाव गायचे, आणि रिवाजाप्रमाणे प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या ओळीत करणाऱ्याचं म्हणून आजोबांचं नाव यायचं — 'दशरथ सांगे, पाटी घे गं पोरी'. पण करायची आजी! चंद्रभागा. आजोबांना दोन ओळी धड जुळवता यायच्या नाहीत, हे घरात सगळ्यांना माहीत. आजी होती तोवर तिने नाव बदलू दिलं नाही. ती जाऊन दोन वर्षं झाली, आणि आता चौदा एप्रिलला विहारात पुस्तिका निघणार आहे. तर 'दशरथ सांगे' जाऊन 'चंद्रा सांगे' यायला हवं. चालीतही चपखल बसतं, बाबांनी ताटलीवर चमच्याने ठेका धरून दाखवलं.

"एक मिनिटाचं काम," मी म्हणाले. काय तो तोरा!

गाणी माझ्या जुन्या मॅकवर आहेत. बाबा पालिकेच्या पाणीखात्यातून रिटायर झाले तेव्हा मीच तो त्यांना दिला, आणि गिट शिकवलं, म्हणजे प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारा प्रोग्राम. दर संध्याकाळी बदल जतन करायचा, काय बदललं ते एका ओळीत लिहायचं, एवढंच. बाबा एका ओळीत थांबतात थोडेच! 'वाकोल्याच्या शुभाने दुसरं कडवं फोनवर गाऊन दाखवलं. मागे कुकरच्या तीन शिट्ट्या. चाल बरोबर, शब्द तपासायचे.' शुभा म्हणजे माझी आत्या. कुठलं कडवं कुणाला आठवलं, हे फक्त त्या नोंदींत. सांगणाऱ्यांतली निम्मी माणसं आता नाहीत.

आणि ह्या सगळ्या नोंदी, सगळ्या जुन्या आवृत्त्या, गाण्यांच्याच फोल्डरमध्ये एका लपलेल्या फोल्डरात असतात — .git. ते वगळायचं असतं. कुठलीही शोधा-आणि-बदला कमांड चालवताना पहिली गोष्ट ही! ऑफिसात नव्या मुलांना मीच सांगते. आणि आज घरी मी लिहिलं: ह्या फोल्डरमधली प्रत्येक फाइल घे. प्रत्येक!

मॅकने अडवलंसुद्धा. ह्यात न वाचता येणारी अक्षरं आहेत, असा एरर दिला. माझ्या गाण्यांत कसली आलीत न वाचता येणारी अक्षरं? ती .git मधली होती. मी काय केलं? भाषेचं सेटिंग बदलून त्याला गप्प केलं आणि पुन्हा चालवलं.

गाणी झकास बदलली. जतन करायला गेले तर गिट म्हणतं, सगळं बिघडलंय. दुसरी कॉपी नाही. पेनड्राइव्हवर आहेत ती नुसती गाणी.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. पेढे आणायला स्टेशनकडे गेलेत!


रविवार, ९ मार्च

सांगितलं.

बाबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "गाणी आहेत ना?"

"आहेत."

"आणि कुणी काय सांगितलं, ते?"

मी नाही म्हणून मान हलवली. ओरडतील असं वाटलं होतं. ते उठले, कपाटातून एक कोरी वही काढली आणि आठवून लिहायला बसले. दुपारपर्यंत नऊ नावं झाली. दहाव्याला अडकले — 'तो गोरेगावचा, फिल्मसिटीत सुतारकाम करायचा तो, पायाने अधू.' नाव काही येईना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आई तेवढी शांत. भाजी निवडत म्हणाली, "गेलं तर गेलं. गाणी राहिली ना? कोण कशाला विचारतंय कुणी काय सांगितलं?" बाबा तिच्यावर उखडले, "लता, तुला त्यातलं काही कळत नाही!" आईने भाजीची दुसरी जुडी ओढली. बत्तीस वर्षं बालवाडीतली पोरं सांभाळली तिने, बाबा काय चीज आहेत!


सोमवार, १० मार्च

बाबा माझ्याशी अगदी नीट बोलतायत. चहा हवा का, पंखा वाढवू का. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.


मंगळवार, ११ मार्च

ऑफिसात हर्षदला सांगितलं. माझ्या शेजारी बसतो, मॅकची नाडी त्याला कळते. आधी पोट धरून हसला. "तू? तू .git वगळलं नाहीस? यार, हे मी फ्रेम करून लावणार!"

लाव बाबा. पण पुढे?

मग तो एकदम गंभीर झाला. म्हणाला, "ऐक. आतल्या फाइली झिपसारख्या दाबून ठेवलेल्या असतात, त्यात 'दशरथ' असा सरळ सापडणारच नाही. म्हणजे आत काही बदललेलं नाही. पण मॅकवरची ही कमांड ज्या फाइलला हात लावते तिच्या शेवटी एक रिकामी ओळ चिकटवते. एकच बाइट. तेवढ्यानेच गिट बोंबलतंय."

"म्हणजे तो काढला की —"

"आधी कॉपी कर! सगळ्याची! आता तरी शहाणी हो."

त्याला कटिंग पाजली. मिठीच मारणार होते, पण लोक काय म्हणतील!


शुक्रवार, १४ मार्च

धुळवडीची सुट्टी. खाली पोरांचा दंगा, वर मी खिडक्या लावून बसलेले.

आधी कॉपी केली. दोनदा. मग कॉपीवरच काम — .git मधल्या प्रत्येक फाइलचा शेवटचा बाइट कापायचा, मग तपासायचं. पावणेतीन हजार फाइली. बाबा मागे खुर्ची टाकून बसले, हात मांडीखाली घेऊन. त्यांचा श्वास माझ्या मानेवर.

तपासणीत अकरा तेवढ्या बिघडलेल्या निघाल्या! मग कळलं, त्या अकरांचा शेवट मुळातच तसा होता. मॅकने त्यांना काही चिकटवलंच नव्हतं, आणि मी त्यांचा खरा शेवट कापला होता. परत जोडला. पुन्हा तपासलं.

एकही तक्रार नाही!!

नोंदींची यादी पडद्यावर सरसर वर गेली. बाबांनी वाकून मधलीच एक पकडली आणि ओरडले, "मिथुन! मिथुन त्याचं नाव! गोरेगावचा!" आणि रडायला लागले. मीही. आई आतून गुलाल घेऊन आली आणि दोघांच्या कपाळाला लावून गेली.


शनिवार, १५ मार्च

गाणी आधी जुन्या नोंदीवर परत नेली आणि बदल पहिल्यापासून केला. यावेळी .git वगळून. कमांड बाबांना मोठ्याने वाचून दाखवली, त्यांनी 'वगळून' वर बोट ठेवलं, मगच एंटर.

दोनशे चौदा. चंद्रा सांगे.

आजची नोंद बाबांनी स्वतः टाइप केली: 'आईचं नाव आईला दिलं. शीतलने दोनदा केलं. एकदा चुकून, एकदा नीट. पोर हुशार आहे, घाई करते.'

असला बाप मिळायला नशीब लागतं.


रविवार, १६ मार्च

सगळ्या नोंदी पुस्तिकेच्या शेवटी छापायच्या, असं बाबांचं ठरलं. म्हणून आज पहिल्यांदाच बसून वाचल्या, तारीख-वेळेसकट. बाबांच्या सगळ्या संध्याकाळच्या. पण त्रेचाळीस दुपारी तीनच्या आसपासच्या, बाबा घोरत असतात तेव्हाच्या. त्यातली पहिली, ऑगस्ट २०२१:

'तिसरं कडवं सासूबाईंना आठवेना. मीच जुळवून घातलं. वाचून दाखवलं तर म्हणाल्या, हो, असंच होतं.'