प्रस्तावक हेमराज, गैरहजर

सौ. नूतनवहिनीले धाकट्या देराचा हात जोडून नमस्कार. दादाले रामराम, श्रुतिकाले एक गालगुच्चा, अन् मायच्या पाया पडतो. मी इकडं टाइलच्या फॅक्टरीत खुशाल आहो, फक्त कानात अन् डाळीत सारखीच धूळ जाते. मायचे गुडघे कसे आहेत ते लिहा. ती "बरे आहेत" म्हणते ते लिहू नका. पायरी चढतानी भिंतीले हात लावते का नाई, ते पाहून लिहा.

फोन सोडून पत्र काहून, म्हणान, तर काम सरकारी आहे, अन् सरकारी काम कागदावर पाहिजे हे मले आता समजलं. (शाळा आपली हिंदीतली, तेही आठवीच्या अलीकडं सुटली, मराठी मायच्या तोंडची. तवा जसं बोलतो तसं लिहून राह्यलो, हासा, पण मनात हासा.)

तुमी पंचायतीत जाऊन ग्रामसभेच्या रजिस्टरचा फोटो काढून पाठवला, तवा मी भट्टीपाशी होतो. फोटो मोठा करून वाचला अन् भट्टीपेक्षा मीच जास्त तापलो. आपल्या टोल्याच्या वस्तीजवळचा तलाव मासळीसाठी दहा वर्षं सरपंचाच्या साळ्याले ठेक्यानं द्यावा, भोवती तार लावावी, सर्वांना मंजूर. प्रस्तावक कोण, तर हेमराज! अन् समोर माझी सही. वहिनी, ती सही मी करतो त्याच्यापेक्षा चांगली होती. त्या दिवशी मी इथं, घरापासून दीड दिवसाच्या रस्त्यावर, बाराशे टाइला ट्रकात चढवून राह्यलतो, अन् तिकडं मी उभा राहून भाषणही देल्लं असान, काय माहीत. ज्या तलावात म्हशीचं शेपूट धरून मी पोहायले शिकलो, तो मीच इकून टाकला!

अन् तुमी खाली लिहिलं की साधनाकाकूनं घाटावर मायले सगळ्यायसमोर म्हटलं, "शांताबाई, तुह्या पोरानं तलाव इकला, आता त्याच्याच फॅक्टरीत नेऊन धू लुगडे." तवापासून माय तशा गुडघ्यायनं नाल्यापर्यंत कपडे नेते अन् कोणाशी बोलत नाई, हे वाचलं तवा मी जेवलो नाई. (संध्याकाळी जेवलो. पण सकाळचं नाई.)

मग म्या शिकायत केली. भोपाळच्या त्या सरकारी शिकायतीच्या नंबरवर फोन लावला. एक बाई लय गोड बोलल्या, "बताइए, क्या समस्या है?" म्या म्हणलं, "मैडम, मैं ग्रामसभा में हाजिर था, यही समस्या है." त्या म्हणल्या, हे तर चांगलंच आहे. म्या म्हणलं, नाई जी, मी नोतो म्हणूनच तर मी होतो. त्यायनं मले तीनदा इचारलं की मी कुठून बोलून राह्यलो, अन् तीनदा खरं सांगतलं तवा शिकायत लिहून घेतली. आता गंमत अशी का ही शिकायत मी हौ म्हटल्याबिगर बंद होत नाई. पंचायतीचा सचिव, जो मी घरी होतो तवा मले पाहून मोबाइलमंदी पाहे, तो आता सकाळ-संध्याकाळ फोन करते. "हेमराजभाऊ, जेवण झालं का?" कामानं खैरलांजीले गेला तरी तिथं बसची वाट पाहत उभा राहून इचारते. सख्खी माय इतल्या वेळा इचारत नाई. म्या एकच सांगतलं, "तुमी तलाव खुला करा जी, मी शिकायत बंद करतो."

पण एकट्यानं भागत नाई. तुमच्या दुसऱ्या फोटोत पाहलं, तर गावातले एकोणीस पोट्टे, जे सारे बाहेर कमावायले गेलेत, ते सारे सभेत हाजिर! (सोयीचं आहे नं. बाहेरचा माणूस उठून बोलत नाई, खुर्चीही मागत नाई.) म्या एकेकाचा नंबर काढला अन् इतवारच्या दिवशी मोबाइलवर आमची सभा भरवली, तोंडं दिसतील अशी. मोहित नागपुरात सेंट्रिंगवरून बोलला, मागं कोणी छन्नी ठोकत होतं. चैतराम हैदराबादले पाणीपुरीच्या गाड्यावरून, हात वर कर म्हटलं का झारा वर करे. अध्यक्ष कोण, ह्याच्यावरच दीड घंटा भांडलो, अन् ज्याले केलं त्याचंच नेट संपलं, तो रिचार्ज मारून येईपर्यंत थांबलो. तरी ठराव झाला, वहिनी, खरा! एकोणीस हात खरोखर वर झाले, म्या दोनदा मोजले. दुसऱ्या दिवशी बाकीच्या अठरा जणायच्या अठरा शिकायती गेल्या, माझी धरून एकोणीस. आता सचिव एकोणीस जणाले जेवण झालं का इचारते, तवरिक त्याची स्वतःची पोळी वाळून जाते.

तर मोठ्या साहेबानं हुकूम काढला आहे: येत्या मंगळवारी पुन्हा ग्रामसभा, तलावाचा विषय पुन्हा, अन् प्रस्तावकानं सोता हाजिर राहावं. मी येऊन राह्यलो. गोंदियापर्यंत गाडी, पुढं बस. ठेकेदार म्हणे, सुट्टी नाई. म्या म्हणलं, सुट्टी तुमाले मागितलीच नाई, सांगून राह्यलो. सरपंच, सचिव, साळा, सारे समोर असू द्या. त्या सभेत माझा एक हात आहे, वहिनी. तो मी उचलीन तवाच उचलला जाईन. दुसऱ्यानं धरून उचलायले तो काही हापशीचा दांडा नाई.

मायले सांगा, बुधवारपासून कपडे तलावावरच धुवायचे.

तुमचा देर,
हेमराज

ता. क. इथपर्यंत तुमी मायले मोठ्यानं वाचून दाखवलं असान. आता "संपलं" म्हणा अन् पुढचं मनातल्या मनात वाचा. पत्र ह्याच्यासाठीच लिहिलं. आपल्या घरी फोन स्पीकरवरच चालते.

आणखी ता. क. सचिवानं सही खोटी केली, हे खरं. पण त्यानं सभेच्या आदल्या दिवशी मले फोन केलता. म्हणे, "एक नाव टाकाचं आहे, तुह्यं टाकू का?" अन् म्या म्हणलं, "हौ जी, टाका." कशात टाकता, ते इचारलं नाई. आपल्याकडं नाव टाकू का म्हणलं तर नाई कोण म्हणते? घरकुल असो, गॅस असो, टाकी असो. दादाचं नाव बकरीपालनात आहे अन् त्याले बकरीजवळ गेलं का शिंका येतात. मले वाटलं घरकुल असान. रूमवर चौघायले चहाही पाजला. आता सचिव म्हणते, तुह्यं "हौ" माझ्या मोबाइलात आहे, सभेत वाजवीन. अन् एकोणीसातल्या बाकीच्या अठरा जणाले हे अजून माहीत नाई.

शेवटचं. तो वाजवायच्या पैले मीच उभा राहून सांगणार आहो: सही त्यानं केली, हौ म्या म्हणलं, दोन्ही लिहून घ्या, अन् आता माझं नाई लिहा. माझं ठरलं आहे, भेव नाई. भेव एकाच माणसाचं आहे. तवा तुमी मायले सभेले आणा, साधनाकाकूच्या बाजूलेच बसवा, अन् मी बोलतो तवरिक मायचा हात धरून ठेवा. अन् वहिनी, तिच्या चपला दूर बाहेरच काढायले लावा.