हौद्याखालची बाभूळ

अजिंठा,
२ ऑगस्ट

चि. मोनिका हिस तात्याचे अ. आ. वि. वि.

वर जे खोडलं आहे ते वाचत बसू नकोस. बारा वर्षं तुला पत्र लिहिताना हात आपोआप चि. सौ. लिहीत आला, आजही लिहून बसला. दुसरा कागद घेणार होतो, पण तुझी आई म्हणाली की राहू द्या तसंच, चूक झाकली म्हणून ती बरोबर होत नाही.

पत्रास कारण की, गोकुळरावांना जाऊन दोन महिने होत आले आणि तू अजून इकडे फिरकली नाहीस. फोनचा मला काय उपयोग, माझे कान माझ्या आधीच निवृत्त झालेत. आई फोनवर बोलते आणि ठेवल्यावर मला हातवाऱ्यांनी सांगते की पोरगी नुसतं हूं म्हणते. म्हणून लिहितो. कागदावर नुसतं हूं लिहून पाठवता येत नाही, चार ओळी तरी लिहाव्याच लागतात.

मोतीराम भाजीचा टेम्पो घेऊन शहरात येतो. त्यानं सांगितलं की मुकुंदवाडीत चांदपाशा वेल्डरच्या दारात आपली पिकअप उभी होती, मागचा हौदा खाली उतरवलेला, आणि तू शेजारी स्टुलावर बसलेली. मला वाटलं होतं, गाडी तू केव्हाच विकली असशील. घरचा माणूस खाल्लेली गाडी दारात ठेवू नये, असं लोक म्हणतात. मी सुतार माणूस, पन्नास वर्षं बैलगाड्या केल्या, असल्या गोष्टी कधी मानल्या नाहीत. तुझ्यापुरत्या मानाव्याशा वाटतात.

ओढ्याच्या चढावर गाडीचा मागचा फाळका उघडला आणि कुंपणाचे सिमेंटचे खांब जावईबापूंच्या अंगावर आले, एवढंच मला ठाऊक आहे. तू गाडीत होतीस. त्यावर तू आजवर एक शब्द बोलली नाहीस, आणि रडलीही नाहीस. आई म्हणते, त्याचीच तिला जास्त भीती वाटते.

मका कमरेला लागलाय. रानडुकरं रोज एक वाफा लोळवून जातात. खांब अजून चढावरच पडलेत. ते उचला असं मी कुणाला सांगितलं नाही आणि कुणी आपणहून हात लावला नाही. मी हल्ली वरच्या बांधानं फिरून शेतात जातो. प्रेरणाला म्हणावं, आजोबांना तिच्याशिवाय कुणी चिडवत नाही.

लोभ आहेच. उत्तर मात्र हूंपेक्षा मोठं यावं.

तुझा तात्या


पुंडलिकनगर,
९ ऑगस्ट

ती. तात्यांच्या चरणी मोनिकाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. खोडलेलं वाचलं. काही वाटलं नाही, तेव्हा तुम्हीही मनाला लावून घेऊ नका.

गाडी विकणार नाही. तिचं काय करते आहे ते लिहिते, तुम्हाला ते चांगलं कळेल. जुना हौदा पूर्ण उतरवला. तळाचा पत्रा कडेनं कुजला होता आणि खालचे आडवे चॅनेल दोन ठिकाणी वाकले होते. चांदपाशाभाईंनी पाचाच्या जागी नऊ आडवे चॅनेल टाकले. त्यावर जाड पत्रा, पाय न घसरणारा. चारी कोपऱ्यांना आतून त्रिकोणी पट्ट्या मारल्या. मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांत दोन्हीकडे एकेक पाटा वाढवला. मागच्या फाळक्याला दोन नवीन कड्या, प्रत्येक कडीत खिळा आणि वरून साखळी. साखळी मीच सांगितली. त्यांनी काही विचारलं नाही.

आता काम अडलंय ते लाकडापाशी. चांदपाशाभाई हौदा चासीला वेल्डिंगनं चिकटवायला तयार नाहीत. ते म्हणाले, लोखंडावर लोखंड कसून बांधलं की खडकाळ रस्त्यावर दोघांतलं एक तुटतंच. मधे लाकडाची फळी घालायची आणि वरून यू-बोल्टनं आवळायचं, म्हणजे चासी पिळली तरी हौद्याला थोडं हलता येतं. त्यांना मुरलेली बाभूळ हवी आहे. आठ फुटांच्या दोन फळ्या, चार बोटं रुंद, दोन बोटं जाड. इथल्या वखारीत मिळते ती ओली असते. त्यांनी तुम्हाला तात्यासाहेब म्हणून सलाम सांगितला आहे आणि म्हणाले की बैलगाड्या करणाऱ्याच्या घरात असं लाकूड नसेल तर मराठवाड्यात कुठंच नसेल.

मी बरी आहे. चांदपाशाभाईंच्या मुनिराभाभी दुपारी डबा आणून ठेवतात, मी खाते. तिखट असतं असं प्रेरणा सांगते. उजवा पाय घोट्याखाली बधिर आहे. सुई टोचली तरी कळत नाही. डॉक्टरांनी सगळं तपासलं, नस ठीक आहे म्हणाले. हौदा पुरा होईपर्यंत गाडी तशीही उभीच आहे.

प्रेरणा रोज शाळेत जाते. माझ्यासमोर त्यांचं नाव काढत नाही. कुठं शिकली कोण जाणे.

आईला नमस्कार. लोभ ठेवावा, काळजी थोडी कमी ठेवावी.

आपली मोनिका


अजिंठा,
१८ ऑगस्ट

चि. मोनिका हिस अ. आ.

मोतीरामच्या टेम्पोत फळ्या पाठवल्या आहेत. नऊ वर्षं माळ्यावर मुरलेली बाभूळ आहे. एका गाडीसाठी चिरून ठेवली होती, पण त्या गिऱ्हाइकानं ट्रॅक्टर घेतला. मी रंधा मारून दिला आहे. चांदपाशाला म्हणावं, सलाम पोचला, आणि फळीच्या डोक्यांना जळकं तेल पाज, नाहीतर पावसाचं पाणी तिथूनच शिरतं.

तो माणूस मला न भेटता आवडला. आम्ही सुतार हेच म्हणायचो. बैलगाडीची साटी, तिचा हौदाच म्हण, आसावर कधी ठोकून बसवायची नसते, तिला खेळायला जागा ठेवायची असते. माझे वडील म्हणायचे, गाडी कुरकुरली पाहिजे. जी कुरकुरत नाही ती मोडायला टेकलेली असते. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात चॅनेल आहेत, कड्या आहेत, साखळी आहे, कुरकुर कुठंच नाही. सुई टोचून कळत नाही हेसुद्धा तू पत्र्याची जाडी सांगावी तसं लिहिलंस. मला फार वाईट वाटलं, मोना.

आता माझं ऐक. माझ्याच्यानं हे आईला सांगवलं नाही, तुला सांगतो.

आपल्या घराण्याची रीत तुला माहीत आहे, गाडी दारात रिकामी आणायची नाही. अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला तुम्हा दोघांना बोलावलं, त्याच्या आठ दिवस आधी गोकुळराव प्रेरणाला सोडायला इथं आले होते. येताना काय आणू म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणालो, कुंपणाचे खांब आणा, पन्नास. त्यांनी चढाकडे हात केला आणि मला दोन बोटं दाखवली. म्हणजे दोन खेपा, पंचवीस-पंचवीस. मी एक बोट दाखवलं. त्यांनी परत दोन दाखवली. मी परत एक दाखवलं आणि हसलो. सासऱ्यापुढं ते काय बोलणार, मान हलवून गेले.

नंतर सगळ्यांना मी सांगितलं की खांब किती खेपांत आणणार ते मला ऐकूच आलं नव्हतं. बहिऱ्या माणसाचं लोक खरं मानतात. बोटं ऐकावी लागत नाहीत, पोरी. मी पाहिलं होतं.

यानंतर तू आली नाहीस तरी मी समजेन. लोभ असावा असं लिहायची आज माझी छाती होत नाही.

तात्या


पुंडलिकनगर,
३० ऑगस्ट

ती. तात्यांना शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीन दिवस पोळपाटाखाली होतं. चौथ्या दिवशी परत वाचलं.

एका बोटाचं मला माहीत होतं. त्या दिवशी घरी आल्यावर ते हसत सांगत होते की सासऱ्यानं एक बोट दाखवल्यावर जावयानं दुसरं काढू नये. रागावले नव्हते. तुमची नक्कल करून दाखवली, प्रेरणा असती तर लोळून हसली असती.

तुम्ही लिहिलंत, तसं मीही लिहिते. निघायच्या सकाळी ते म्हणाले की फाळक्याची डावी कडी ढिली झाली आहे, चांदपाशाभाईंकडून दोन टाके मारून घेतो, मग निघू. खांब आदल्या दिवशीच भरलेले होते. मी म्हणाले की आईचे धोंडे गार होतील, तारेनं बांधा. त्यांनी तार घेतली, पण ती पिळली मी. पक्कड माझ्याच हातात होती. मी चांगली घट्ट पिळली, असं मला वाटलं होतं.

ओढा ओलांडून चढाला लागलो आणि मधेच गाडी बंद पडली. हातब्रेक तिला कधी धरत नव्हता. ते म्हणाले, तू इकडं सरक आणि पायानं ब्रेक दाबून धर, मी मागच्या चाकाला दगड लावतो. मी सरकले आणि दाबला. मग आवाज झाला. गाडी एकदम हलकी झाली, ते मला तळव्यात कळलं. मी हाक मारली. परत मारली. ब्रेक सोडला असता तर गाडी मागं त्यांच्यावर गेली असती, म्हणून मी उतरले नाही. वस्तीवरची माणसं येऊन चाकांना दगड लावीपर्यंत मी तिथंच बसून होते. पाऊण तास झाला असं नंतर कुणीतरी म्हणालं. आरशात फक्त खांब दिसत होते. मी उतरले तेव्हा त्यांना झाकलेलं होतं.

तो पाय अजून मी उचललेला नाही, असं वाटतं. डॉक्टरांना हे सांगितलं नाही.

फळ्या बसल्या. चांदपाशाभाईंनी एका फळीवर नाक टेकवून वास घेतला आणि म्हणाले, तात्यासाहेबांचा माल आहे. तेल पाजलं आहे.

आईला यातलं सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. लोभ माझ्याकडून आहे. तुम्ही लिहा अगर लिहू नका.

मोनिका


अजिंठा,
५ सप्टेंबर

चि. मोना हिस तात्या व आई यांचे अ. आ.

आईला दोन्ही सांगितलं, माझं आणि तुझं. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. बहिऱ्याशी अबोला धरून काय मिळतं असं मी म्हणालो, तेव्हा ती हसली आणि मग खूप रडली.

तारेचं मनातून काढ. मी पन्नास वर्षं गाड्यांचे भार पाहिलेत. पंचवीस खांब असते तर तुझी तार तगली असती. पन्नासापुढं नवी कडीही टिकली असती असं सांगता येत नाही. तेव्हा जे माझं आहे ते माझ्याकडे राहू दे, त्यात वाटणी मागू नकोस. आणि तू पाय काढला नाहीस हे बरोबर केलंस. माझ्या पोरीनं पाऊण तास एकटीनं गाडी धरून ठेवली, हे मला आत्ता कळतंय. त्या वेळी मी अंगणात पाट मांडत होतो. ओढा घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि हाक मला ऐकू आली नाही.

काल मी चढावर गेलो. खांबांतून गवत वाढलंय. चार फुटलेत, शेहेचाळीस धड आहेत. बराच वेळ बसलो आणि त्याच सरळ वाटेनं घरी आलो.

आई लिहायला सांगते की गाडी रिकामी आणायची नाही ही रीत तिनं आजपासून मोडली. तुला यायचं तर रिकाम्या हातानं ये, रिकाम्या गाडीनं ये. तिनं मोडली म्हणजे मोडली, मी कोण विचारणारा.

दोघांचा लोभ. लिहिण्याची छाती आज झाली.

तात्या


पुंडलिकनगर,
१२ सप्टेंबर

ती. तात्या व ती. सौ. आई यांस मोनिकाचा शि. सा. न. वि. वि.

परवा गाडी पहिल्यांदा बाहेर काढली. चांदपाशाभाई शेजारी बसले, हौद्यात वाळूची पोती भरली आणि आम्ही चिकलठाण्याच्या पुढं खडीच्या रस्त्याला गेलो. पहिल्याच खड्ड्यात मागून आवाज आला, लाकडाचा. मी दचकून ब्रेक मारला. ते म्हणाले की घाबरू नका, बाभूळ बोलतेय. मग मी परत पहिला गिअर टाकला आणि गाडी मुद्दाम खड्ड्यांतून नेली. घरापर्यंत ती कुरकुरत होती. मला रडू आलं नाही. पण उतरले तेव्हा उजव्या पायाला मुंग्या आल्या, इतक्या की प्रेरणाच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या चढले. ती म्हणाली, बाबांना पण अशा यायच्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिनं नाव काढलं.

येत्या रविवारी आम्ही दोघी येतो. हौदा रिकामाच आहे. चांदपाशाभाई म्हणतात की आता शेहेचाळीसच्या शेहेचाळीस खांब एकदम घातले तरी हौद्याला कळणार नाही. त्यांनी चाकाखाली लावायला लोखंडी उटी करून दिली आहे, तिला पाच फुटांची दांडी आहे. म्हणजे कुणालाही गाडीच्या मागं जावं लागत नाही, कडेला उभं राहून ढकलता येते. भरायला मोतीरामकाका आणि वस्तीवरची चार माणसं सांगून ठेवा.

आईला म्हणावं, जेवायला साधं काहीही कर. लोभ आहे तो आहेच, रविवारी समोर बसून घेऊ.

आपली मोनिका

ता. क. तुम्ही गाडीच्या मागं यायचं नाही. तुम्हाला हाक ऐकू येत नाही आणि मला ती परत मारायची नाही. चढाच्या वर उभे राहा, समोर, मला दिसाल असे. निघण्याआधी मी काचेतून दोन बोटं दाखवीन. तेवीस-तेवीस. तुम्हीही मला दोनच दाखवा.