धाकटीचे शनिवार

४ जानेवारी, रविवार
“ताई, तू मागवशील तेच मी खाईन.” धाकटी सात वर्षांची असताना म्हणाली होती. आयुष्यातलं पहिलं हॉटेल, खुर्चीवरून लोंबकळणारे पाय. गेली पस्तीस वर्षं तेच चालू आहे, असं मी धरून होते. आज कळलं, बाईसाहेब सात शनिवार तिच्या मोठ्या जावेबरोबर समुद्राकाठच्या नव्या एशियन हॉटेलांत जेवतायत. फोटो टाकलेत. मला काहीही वाटलं नाही. चार वेळा पाहिले, तरी नाही.

५ जानेवारी
धाकटीला सहज फोन केला. सहजच विचारलं, जावेशी एवढं कधीपासून जमायला लागलं? म्हणाली, अगं, त्यांना खाण्यातलं फार कळतं. मग एक तास जाऊबाईपुराण. सासरच्या माणसांशी गोड वागावं लागतं बिचारीला. तिची सुटका केली पाहिजे.
संकल्प: २४ तारखेला तिचा वाढदिवस. शनिवारच आहे. मी नेणार. मेनू पाठ करून जाणार. चॉपस्टिक्सने खाणार.

८ जानेवारी, दुपारी
दवाखान्यातल्या माझ्या रिसेप्शनच्या काउंटरवर चॉपस्टिक्सचा सराव. कापसाचे बोळे घेतले. अकरातले नऊ पडले. डॉक्टर म्हणाले, अहो, दात काढायच्या भीतीने पेशंट आधीच अर्धमेले असतात, त्यात तुम्ही समोर हे काय मांडलंय? कापूस फार हलका पडतो. जेवणाला वजन असतं, ते टिकेल.

१३ जानेवारी
टेबल बुक. दोघींचं, खिडकीजवळचं. वेबसाइटवरून पदार्थांची सहा नावं उतरवून घेतली. सगळ्यात अवघड तीच निवडली. जाऊबाईंची जीभ वळणार नाही अशी.

२० जानेवारी
धाकटीचा फोन. जाऊबाईंनी त्या दिवशी रजा टाकलीय, त्यांनाही घेऊ या ना? म्हटलं, अगं, मी तेच सुचवणार होते. एका परीने बरंच झालं. प्रेक्षक हवाच.

२४ जानेवारी, रात्री ११
मेनू उघडलाच नाही. सहाही नावं न अडखळता सांगितली. वेटर क्षणभर बघतच राहिला. मला वाटलं, थक्क झाला.
सहा इवल्याशा वाट्या आल्या. सहाही चटण्या.
जाऊबाई हसल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, छान केलंत ताई, आता ह्या चटण्यांसोबत काहीतरी मागवू. आणि धाकटीला न विचारता तिचं मागवलं. डंपलिंग, तिखट वेगळं, मशरूम अजिबात नको.
मशरूम नको? मी पस्तीस वर्षं तिला मशरूम खायला घालतेय! विचारलं, तर खाली मान घालून म्हणाली, तुला वाईट वाटलं असतं गं.
नंतर माझं एक डंपलिंग जाऊबाईंच्या उघड्या पर्समध्ये पडलं. ते मात्र मुद्दाम नव्हतं.

२६ जानेवारी
जाऊबाईंचे दोष लिहायला बसले. अर्धा तास. एकच सापडला: फार सावकाश चावतात.

२७ जानेवारी
मला हेवाबिवा काही वाटत नाही. अॅसिडिटी आहे. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, मी दातांचा डॉक्टर आहे.

२९ जानेवारी
धाकटीला मेसेज लिहिला, ह्या शनिवारी आपण दोघीच जेवू या का? पुसला. ती लगेच हो म्हणेल. मला वाईट वाटू नये म्हणून येईल, आणि समोर ठेवीन ते हसत हसत गिळेल. तसं येणं मला नको.
मग जाऊबाईंना लिहिला. धाकटीचा शनिवार मोकळा पडला, तर कदाचित ती आपणहून मला विचारेल. त्या नाहीच म्हणणार. त्यांच्या जागी मी असते, तर मीही शनिवार सोडला नसता. तरी पाठवला:
“नमस्कार. परवा तुमचं थोडं डोकं दुखू शकेल का? एकाच शनिवारपुरतं.”